हौसाक्काचं गुप्तदान

"उघडू नगंस." हौसाक्कानं खणाच्या कापडात शिवलेलं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि माझं मनगट घट्ट धरलं. "गुप्तदान हाय. जसं हाय तसं देवीच्या घंटंत जाऊ दे."

मी हबकले. सकाळपासून खडकेवाडीतल्या शंभरेक बायका माझ्यासमोर भांडी ठेवून गेल्या होत्या. कुणी काशाची चेपलेली वाटी, कुणी आजेसासूचा तांब्या. एकीनं तर सवतीचं नाव घातलेलं ताट आणलं होतं आणि "हे आदी वितळवा," म्हणून दोनदा बजावलं होतं. पण शिवून बंद केलेलं काही कुणी आणलं नव्हतं.

"आक्का, असं न्हाई घेता येत," मी म्हणाले. "मामंजींचा नेम हाय. भांड्याच्या पोटात बोट घातल्याबिगर मला ते पुढं सरकवता येत न्हाई."

"मगाशी ताट दिलंय की मी. त्यात घाल बोट."

"ताटाला कुठलं पोट?"

"मग दानाच्या पोटात तरी कुणी बोट घालतं व्हय?"

बाई सत्तरीची. कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि डोळे रडून रडून सुजलेले. तिनं इकडंतिकडं पाहिलं, खाली वाकली आणि माझ्या कानाशी तोंड आणलं.

"तुला तुझ्या कुकवाची आण हाय. उघडलंस, न्हाईतर माझं नाव कुणाला सांगितलंस, तर तुझा मालक तुझा ऱ्हायचा न्हाई."

एवढं बोलून ती वळली आणि वयाला न शोभेल अशा लगबगीनं देवळाच्या मागच्या वाटेनं निघून गेली. मी तिच्या पाठीकडं बघत राहिले. मग मालकांकडं पाहिलं. ते वीस पावलांवर बसून हातोडीनं कोळसा फोडत होते आणि शीळ घालत होते.

आज या गोष्टीला पंचावन्न वर्षं झाली. तेव्हा मी बावीस वर्षांची होते, लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. आम्ही ओतारी. घंटा, समया, देवाचे टाक, मुखवटे ओतून देणं हा आमच्या घरचा धंदा. खडकेवाडीच्या जाकाईची जुनी घंटा तडकली होती. चैत्रातल्या जत्रेआधी नवी हवी म्हणून गावानं मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सांगावा धाडला. पण गावाची एक अट होती. घंटा आमच्या घरी ओतायची नाही, देवळाच्या पटांगणात ओतायची, सगळ्या गावासमोर. घराघरातलं एकेक भांडं तिच्यात जायला हवं आणि ते गेलेलं प्रत्येकाला दिसायला हवं. ओतारी भांडी लांबवतात असं लोक म्हणतात, तोंडावर नाही म्हणत एवढंच. मामंजींनी हसून अट मानली होती.

म्हणून आम्ही बैलगाडीतून भट्टीचं सगळं सामान घेऊन आलो होतो. पटांगणात खड्डा खणून भट्टी केली, तिच्यात दगडी कोळसा, मधोमध मूस. मूस म्हणजे धातू वितळवायचं जाड मातीचं भांडं, कमरेएवढ्या उंचीचं. शेजारच्या दुसऱ्या खड्ड्यात घंटेचा साचा पुरून ठेवला होता. चार दिवस वाळवलेला, भाजलेला, ठणठणीत कोरडा.

कोरडा हा शब्द आमच्या घरात देवाच्या नावासारखा घेतला जायचा. कारण वितळलेल्या रसाचं आणि पाण्याचं हाडवैर. थेंबभर पाणी वर पडलं तर रस नुसता चरचरतो. पण पाणी रसाच्या पोटात गेलं, तर त्याची वाफ होते, आणि त्या वाफेला वाट मिळाली नाही की मूस फुटते. मामंजींचे थोरले भाऊ असेच गेले. कुणीतरी मोडीत एक पोकळ वाळा घातला होता. त्या वाळ्याला केसाएवढी चीर होती आणि आत कधीचं पावसाचं पाणी मुरलेलं होतं. चिमूटभर पाणी असेल. थोरले भाऊ मुशीवर वाकले होते, ते पुन्हा उठले नाहीत. मामंजी तेव्हा पाठीमागं उभे होते. त्यांच्या मानेवर आणि कानामागं अजून देवीच्या रोगाच्या व्रणांसारखे खळगे होते. घरात आलेल्या प्रत्येक सुनेला त्यांनी चूल दाखवायच्या आधी हा नेम शिकवला होता. भांड्याच्या पोटात बोट घाल. बोट गेलं नाही तर माझ्याकडं आण.

आणि मी बोट न घालता ते गाठोडं घेऊन बसले होते.

बाजूला ठेवावं म्हणून उचललं. मोठ्या आंब्याएवढं, पण वजनदार. उचलताना आत काहीतरी हळूच डुचमळलं.

मी मनाला सांगितलं, नाणी असतील. गुप्तदानात लोक नाणी घालतात, सोन्याचा मणी घालतात. पण नाणी खुळखुळतात, ती डुचमळत नाहीत, एवढं मला कळत होतं. पुन्हा हलवून बघायची छाती झाली नाही. शिवण उसवायला तर हातच धजेना. उसवलं तर आण मोडली, आणि आण मोडली तर हे जाणार. नाही उसवलं आणि आत खरोखरच पाणी निघालं, तरी मुशीवर हेच वाकणार. इकडं आड, तिकडं विहीर, आणि दोन्हीकडं माणूस एकच.

तुम्ही म्हणाल, आणीला काय भ्यायचं? आता मीही तसंच म्हणते. पण बावीस वर्षांच्या बाईला नवऱ्याच्या जिवाची आण घालून बघा म्हणजे कळेल.

भट्टी पेटली. भट्टीला वारा घालणारा पंखा फिरवायला गावातले दोन पैलवान बसले होते. त्यांनी दांडा फिरवायला घेतला तसा कोळसा आधी लाल, मग पिवळा, मग बघवणार नाही इतका पांढरा झाला. आमचं तांबं आधी मुशीत गेलं, ते पाघळल्यावर कथील, आणि मग मी तपासलेली भांडी एकेक करून. हे लांब दांड्याच्या चिमट्यानं भांडं उचलायचे, क्षणभर भट्टीच्या काठावर तापवायचे, "खोतांचं ताट!", "सुताराचा तांब्या!" असं ओरडून मुशीत सोडायचे. ज्याचं भांडं तो हात जोडायचा. मामंजींना मोतीबिंदूमुळं धड दिसत नव्हतं, तरी ते शेजारी उभं राहून नुसत्या आवाजावरून रस किती तापला ते सांगत होते.

मध्येच हे पाणी प्यायला माझ्याकडं आले. तोंड तापून लाल झालं होतं.

"का गं, तोंड का उतरलंय? गावातल्या बायकांनी छळलं व्हय?"

"आज तुम्ही मुशीवर वाकू नका," मी म्हणाले.

"मग कोन वाकनार? बाला दिसतंय व्हय?" त्यांनी उरलेलं पाणी माझ्या पायांवर शिंपडलं आणि हसले. "भिऊ नगंस. घंटा झाली की पैला टोला तुझ्या नावानं."

गाठोडं माझ्या पदराखालीच होतं. सांगायला तोंड उघडलं आणि म्हातारीचे ते सुजलेले डोळे आठवले. तेवढ्यात मामंजींनी हाक मारली आणि हे पळाले.

मग मी गोपाळ गुरवाला गाठलं. देवीचा पुजारी, त्याला तरी कळेल. नाव न घेता विचारलं, कुणी दिलेलं गुप्तदान उघडून बघितलं तर चालतं का?

"छ्या!" गुरव म्हणाला. "उघडलं तर देणाऱ्याचं पाप उघडणाऱ्याला. कुणी दिलंय? न्हाई न्हाई, सांगू नगंस. आण हिकडं." आणि माझं 'अहो, पण' ओठावर असतानाच त्यानं गाठोडं माझ्या हातातून काढून घेतलं आणि मानाच्या परातीत ठेवलं. त्या परातीत देवीच्या नथीचा मोडलेला फासा होता, पाटलांनी दिलेले चांदीचे दोन रुपये होते. मानाचं दान सगळ्यात शेवटी, रस पुरा झाल्यावर जायचं होतं.

म्हणजे भरल्या मुशीत. सुरुवातीला गार मुशीत काही फुटलं तर फार तर भांडी उडतील. भरल्या रसात फुटलं तर काय होतं ते मामंजींच्या मानेवर लिहिलेलं होतं. मी बायकांच्यात जाऊन बसले. परातीवरची नजर हलवली नाही. शेजारची म्हणाली, "ओतारीण, ऊन लागलं वाटतं तुला." मी मान हलवली.

ढोल वाजायला लागला. गुरवानं परात डोक्यावर घेतली आणि देवीला उजवी घालायला निघाला. तीन प्रदक्षिणा झाल्या की तो भट्टीपाशी येणार होता.

दुसरी प्रदक्षिणा चालू असताना एक पस्तिशीची बाई धापा टाकत बायकांत घुसली. हौसाक्काची सून, शेवंता खोत. तिला मी सकाळी हौसाक्काबरोबर ताट घेऊन आलेली पाहिलं होतं.

"बायांनो, आमच्यातनं कुणी गडू आणून दिला का हितं? काशीचा गडू?"

"कसला गडू?" मी विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"गंगंचा गं! आमच्या आजेसासऱ्यांनी काशीस्नं आणलेला. तांब्याचा, एवढासा, तोंडाला डाख देऊन बंद केलेला. देवघरात असतोय. आमच्या मामंजींचा जीव चार दीस झालं घुटमळतोय, शेवटचं पाणी घालावं म्हटलं, तर गडूच दिसंना. सगळं घर धुंडाळलं."

कुणी तरी "न्हाई बाई" म्हणालं. ती तशीच पुढं पळाली, पदर सावरत, आणखी कुणाला तरी विचारायला.

गंगेचा गडू माहीत नाही असं कुणी नसेल. काशीहून आणतात, झाकण डाखानं, म्हणजे कथलानं, झाळून बंद करतात, आणि घरातलं कुणी जायला लागलं की फोडून तोंडात पाणी घालतात. तळहाताएवढं तांब्याचं भांडं, चहूबाजूंनी बंद, गळ्यापर्यंत पाणी भरलेलं. वाळ्यात होतं ते चिमूटभर.

मी उभी राहिले तेव्हा गुरव भट्टीपाशी पोचला होता. यांनी परातीतून चांदीचे रुपये उचलून सोडले, नथीचा फासा सोडला. गर्दीनं "जाकाईच्या नावानं चांगभलं" केलं. मी बायकांतून वाट काढायला लागले. पुढं भंडाऱ्याची रेघ ओढलेली होती, बायकांनी ती ओलांडायची नव्हती. एक बाई माझा पदर धरून "अगं, अगं" करायला लागली. पदर तिच्याच हातात राहिला.

"अवो!" मी ओरडले.

पंधरा-वीस बाप्ये वळून बघायला लागले. गावातल्या प्रत्येक बाईचा नवरा 'अवो'च असतो. माझा तेवढा वळला नाही. पंख्याच्या घरघरीत आणि ढोलात त्यांना काही ऐकू येत नव्हतं. चिमट्यात गाठोडं होतं आणि चिमटा मुशीच्या तोंडावर चालला होता.

"दौलत!"

उखाणा सोडला तर ते नाव कधी माझ्या तोंडून निघालं नव्हतं. ढोलवाल्याचा हातसुद्धा थांबला. हे वळले. चिमटा मुशीवर तसाच धरलेला.

"टाकू नका! पाणी हाय त्यात!"

पंखा थांबला. रसाची खदखद तेवढी ऐकू येत होती. यांनी चिमट्याकडं पाहिलं. खणाच्या कापडाचा एक कोपरा तपकिरी झाला, मग काळा, आणि मग त्यानं पेट घेतला. यांचा चेहरा राखेसारखा झाला. हात थरथरायला लागले आणि त्याबरोबर चिमट्याची टोकंही. गाठोडं सुटलं असतं तर सरळ रसात.

"दौलू." मामंजींचा आवाज अगदी हळू होता. "मुशीत बघू नगंस. माझ्याकडं बघ. मागं ये. एक पाऊल. हां. आनि एक."

लोक पळत होते. पंखेवाले पैलवान सगळ्यात आधी. हे मामंजींच्या तोंडाकडं बघत एकेक पाऊल मागं येत होते आणि त्यांच्या हातातल्या चिमट्यावर ते गाठोडं जळत होतं. सहा पावलं असतील. मला ती गावाच्या वेशीपर्यंतच्या वाटेएवढी लांब वाटली.

"आता ठेव. टाकायचं न्हाई, ठेव."

त्यांनी ते जमिनीवर ठेवलं. मामंजींनी त्यांना दंडाला धरून आपल्या पाठीमागं ओढलं आणि स्वतः पुढं उभे राहिले. कापड जळून गेलं, शिवण तुटली, आणि आतून तांब्याचा गोल गडू उघडा पडला. झाकणाच्या कडेचा डाख एका बाजूनं मऊ झाला होता. त्याचा एक थेंब ओघळला आणि गडूच्या पोटावर येऊन थिजला. फुटेल, आता फुटेल असं वाटत असताना काहीच झालं नाही. मामंजींनी खोरं घेतलं आणि दोन खोरी कोरडी वाळू त्यावर ओढली.

मग ते वळले. त्यांना नीट दिसत नव्हतं, पण मी कुठं आहे ते त्यांना बरोबर कळलं.

"कुणी घेतलं हे?"

"मी."

"बोट घातलं हुतंस?"

"न्हाई. आण घातली हुती मला. ह्यांची."

मी मार खायच्या तयारीत होते. खरं तर मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"त्याची आण पाळायला त्यालाच मारत हुतीस व्हय, पोरी?" एवढंच ते म्हणाले. मग यांच्याकडं वळून, "रस गार व्हाया लागला. चला. ओता."

ओतायलाच हवं होतं. रस माणसाच्या भीतीसाठी थांबत नाही. पैलवान शरमून परत आले. दोघांनी लोखंडी कड्यात धरून मूस वर काढली, यांनी तोंडाशी दांडा धरला आणि साच्यात धार सोडली. घंटेची धार मध्ये तुटली तर तिथं जोड राहतो आणि पहिल्या टोल्यालाच घंटा तडकते. मामंजी मागं उभे होते, त्यांचा तळहात शेवटपर्यंत यांच्या पाठीवर होता. धार तुटली नाही. रस साच्याच्या तोंडाशी येऊन टेकला, लोकांनी भंडारा उधळला, आणि मी खाली बसून लहान पोरीसारखी भोकाड पसरून रडले.

रडून झाल्यावर मामंजींनी मला बोलावलं. आण आता मोडलीच होती. गडू कुणाचा ते मी त्यांच्या कानात सांगितलं.

"जा, पोचव," ते म्हणाले. "तितं मानूस अडलंया. भांडू नगंस."

पण मी भांडायलाच निघाले होते. वाळूतून गडू काढला, गार झाला होता, पदराखाली घेतला आणि वाटेनं मनातल्या मनात शब्द जुळवत गेले. माझ्या नवऱ्याची आण घालतेस, आणि त्याच हातानं त्याचं मरण माझ्या मांडीवर ठेवतेस? थेरडे, तुझ्या जिभेला हाड कसं नाही?

खोतांच्या दारात माणसं बसली होती. हौसाक्का आत नव्हती. मागच्या परड्यात, गोठ्याच्या कडेला, एकटीच भिंतीला टेकून बसली होती. मी पदर बाजूला केला. गडू बघून तिचं तोंड पांढरं पडलं.

"कशाला आणलास?"

"कशाला? आक्का, रसात पाणी गेलं की मूस फुटती. माझा मालक त्याच्यावर वाकला हुता. चार माणसं गेली असती तुमच्यापायी!"

"मला काय ठावं गं?" ती कुजबुजली. "मला वाटलं तांब्यात तांबं जाईल."

"एवढा नकोसा हुता तर हिरीत टाकायचा!"

"गंगा हाय ती. हिरीत कशी टाकू? घरात लपवला तर शेवंता काढती हुडकून. म्हटलं देवीच्या अंगाला लागंल, पाप तरी न्हाई लागायचं."

"पर द्यायचाच कशाला? तिकडं तुमचं मालक पाण्यासाठी अडल्यात!"

"अडल्यात म्हंजी हाईत अजून." तिनं माझ्याकडं पाहिलं. "लगीन हून बावन्न वर्सं झाली. गडू फुटला, पानी घातलं की मानूस जातंय. माझा सासरा तसा गेला, सासू तशीच गेली. ह्यो गडू तेवढा ऱ्हायला. घरात गडूच न्हाई, तर कसं जातील?"

मी गडू तिच्यापुढं धरला.

"तुझा वाचला न्हवं आज?" हौसाक्का म्हणाली. "मग माझा का मारतीस?"

मी तिच्या शेजारी शेणानं सारवलेल्या भुईवर बसले आणि गडू तिच्या मांडीवर ठेवला. तिनं तो झटकन पदराखाली घेतला, पोटाशी धरला. तेवढ्यात परड्याच्या दारात शेवंता आली.

"ओतारीण, तुमच्या भांड्यांत घावला का गं आमचा गडू?"

हौसाक्काचा श्वास अडकलेला मला ऐकू आला.

"न्हाई," मी म्हणाले. "आमच्यात न्हाई आला."

"मग आता तांब्यातलंच घालावं लागंल." शेवंता दाराला टेकली. रात्रंदिवस जागून ती पार वाळून गेली होती. "आत्ती, तुम्ही चार दीस झालं आत पाऊल टाकलं न्हाई. बघवत न्हाई हो. पानी वठावर घातलं तर भाईर येतंय. जीभ नुस्ती लाकूड झालीया. डोळं दाराकडं लावून कन्हत्यात." ती डोळे पुसत आत गेली.

हौसाक्का किती तरी वेळ गोठ्यातल्या म्हशीकडं बघत बसली.

"लई तरास हुतोय व्हय गं त्यास्नी?" शेवटी तिनं विचारलं.

"मी बघितलं न्हाई, आक्का. शेवंताबाई खोटं कशाला सांगतील?"

"तू सांगितलंस की आत्ता." ती म्हणाली, पण रागानं नाही. मग पदराखालून गडू काढला आणि माझ्यासमोर धरला. "फोड. सांडू नगंस."

गोठ्यात खुरपं होतं. माझा बाप कंदील आणि चिमण्या करणारा, डाख लावायला आणि काढायला मी परकरात असल्यापासून शिकले होते. मऊ झालेल्या बाजूनं खुरप्याचं टोक घातलं आणि कडेनं हळूहळू फिरवलं. झाकण सुटलं. आत पाणी स्वच्छ होतं, कशाचाच वास नव्हता.

हौसाक्का गडू दोन्ही हातांत धरून आत गेली. मी परड्यातच थांबले. आतलं बोलणं बंद झालं. एकदा तिचा आवाज ऐकू आला, "मी आलीया. घ्या." मग बराच वेळ काही नाही, आणि मग शेवंतानं हंबरडा फोडला.

मी निघायला उठले, तर हौसाक्का मागच्या दारातून बाहेर आली. कपाळावरचं कुंकू अजून तसंच होतं, कुणी पुसलं नव्हतं. आत बायकांचं रडणं चाललं होतं आणि तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. तिनं गडू माझ्या हातात दिला. पाणी गळ्याच्या जरासं खाली गेलं होतं, एवढंच.

"एकच पळी गेली," ती म्हणाली. "ऱ्हायलेलं माझं. झाकन लावून दे परत."

"सांजच्याला डाख देऊन आणते, आक्का."

ती दारापर्यंत गेली आणि वळली.

"पर लई घट्ट नगं लावूस."